नागोयाच्या मॅटवर एमएमए: डिचोलीच्या एका वडिलांना उत्तर

डिचोलीहून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगा सोळा वर्षांचा, सहा वर्षं ज्यूदो करतो, आणि आता एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी एकत्र असलेली लढत) करायचं म्हणून हटून बसला आहे. २०२६ च्या, जपानमधल्या आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ आला, हे त्याचं मुख्य कारण. वडील लिहितात, "टीव्हीवर पाहिलं तर खाली पडलेल्याच्या छातीवर बसून दुसरा त्याच्या तोंडावर ठोसे मारत होता. याला देशादेशांच्या स्पर्धेत जागा द्यावी हे मनाला पटत नाही. सर, तुम्ही यात इतकी वर्षं आहात, खरं काय ते सांगा."

आधी माझं मत सांगतो. आशियाई स्पर्धेत एमएमए असावं. ऑलिम्पिकमध्ये आज नको. आणि जिथे असेल तिथे हौशी नियमांनी असावं, दोन लढतींच्या मधे पुरती विश्रांती असावी आणि डोक्याला बसलेल्या प्रत्येक माराची नोंद ठेवणारी व्यवस्था असावी. या नोंदीसाठीच मला हा खेळ मोठ्या स्पर्धेत हवा आहे. का ते सांगायला जरा वेळ लागेल.

मी मुळात ज्यूदोचा माणूस. म्हापशात बावीस वर्षं मुलांना ज्यूदो शिकवतो. मधे बरीच वर्षं बॉक्सिंगच्या रिंगजवळ टेबलावर बसलो, आणि गेली नऊ वर्षं हौशी एमएमएच्या लढतींत रेफ्री म्हणून आत उभा राहतो. माझ्याकडची काही मुलं या खेळात गेली. काहींना मीच पाठवलं, दोघांना थांबवलं.

एमएमए म्हणजे काहीतरी अघोरी नवं आहे असं वाटतं, त्याचं एक कारण म्हणजे लढत ज्यात होते तो जाळीचा पिंजरा. पिंजरा क्षणभर बाजूला ठेवा आणि खेळाचे भाग सुटे करून पाहा. ठोसा बॉक्सिंगमध्ये आहे. डोक्यावर लाथ तायक्वांदोत आहे, तिला तीन गुण मिळतात आणि गिरकी घेऊन मारली तर पाच. उचलून आपटणं कुस्तीत आहे. गळा आवळणं आणि कोपर उलटं वाकवणं तुमचा मुलगा ज्यूदोत करतोच, आणि ज्यूदो १९६४ लाच टोकियोत ऑलिम्पिकमध्ये आला. आशियाई स्पर्धेत तर १९९० पासून वुशू आहे. २०१८ मध्ये जकार्ताला कुराश, सांबो, जुजित्सू आणि पेंचाक सिलाट एकदमच आले. म्हणजे एमएमएमधल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला आपण आधीच पदक देत आलो आहोत.

एक गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे, आणि तुम्ही नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं आहे. ती म्हणजे पडलेल्याला मारणं. बॉक्सिंगमध्ये गुडघा टेकला की मार थांबतो. वुशूच्या 'सांडा' या लढतीच्या प्रकारात फेकलं की दोघांना उभं करतात. ज्यूदोत जमिनीवर लढाई चालते, पण तिथे ठोसा नाही. एमएमएत ती चालते आणि ठोसाही चालतो. या खेळाच्या बाजूने बोलणारे माझे बरेच सहकारी हा मुद्दा झटकून टाकतात. मला तो झटकता येत नाही, कारण तो क्षण मी गुडघ्यावर बसून हातभर अंतरावरून पाहिला आहे.

तिथे रेफ्री काय पाहतो ते सांगतो. मारणाऱ्याच्या मुठीकडे मी पाहत नाही. खाली असलेल्याचे हात पाहतो. हात चेहऱ्यासमोर येत आहेत का? कंबर हलवून तो निसटायला बघतो आहे का? समोरच्याचं मनगट धरायला त्याची बोटं मिटत आहेत का? ही तिन्ही चिन्हं दिसत असतील तर तो खेळतो आहे. बोटं उघडी पडली आणि कोपर जमिनीला टेकून तिथेच राहिलं की तो संपला, मग डोळे उघडे असोत. गळा आवळला असेल तर आधी पावलं सैल पडतात. घशातून घोरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकेपर्यंत थांबलो असेन तर माझं चुकलं. म्हणून चोक लागला की मी खालच्याचा हात धरून हलकेच दाबतो. त्याने उलट दाबलं नाही तर लढत तिथेच संपते, मग गॅलरीतून कोणी काहीही ओरडो.

आता एक आकडा सांगतो, जो प्रत्येक नव्या रेफ्रीला मी पाठ करायला लावतो. टोरांटोच्या संशोधकांनी यूएफसी या व्यावसायिक एमएमए कंपनीच्या २००६ ते २०१२ मधल्या लढतींच्या चित्रफिती पाहिल्या. बेशुद्ध करणारा फटका बसल्यापासून लढत थांबेपर्यंत सरासरी साडेतीन सेकंद गेले, आणि तेवढ्यात त्या शुद्ध हरपलेल्या माणसाच्या डोक्यावर सरासरी २.६ फटके आणखी बसले. साडेतीन सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ समोर ठेवून मोजून पाहा. ते रेफ्री अननुभवी नव्हते. जगातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक मंचावरचे होते. तिथे एवढा वेळ लागत असेल तर पंधरा-वीस देशांतून आलेल्या, वेगवेगळ्या परंपरांत तयार झालेल्या रेफ्रींकडून आठवडाभराच्या स्पर्धेत काय अपेक्षा ठेवायची?

हौशी नियम इथेच कामाला येतात. टीव्हीवर तुम्ही पाहिलं ते व्यावसायिक एमएमए. त्यात पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि कोपराचे वार असतात. आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेच्या, म्हणजे इमाफच्या नियमांत फेरी तीन मिनिटांची, अशा तीन. कोपराचा वार नाही, डोक्याला गुडघा मारायचा नाही, टाच पिळून गुडघा निकामी करणारी पकड नाही, मणका आणि मान पिरगाळणं नाही. ग्लोव्ह व्यावसायिकांपेक्षा जाड, नडगीवर पॅड. लहान वयोगटांत डोक्यावर मारणं पूर्ण बंद. खेळ तोच, पण धार बरीच कमी केलेला.

माझं वैयक्तिक मत याच्याही एक पाऊल पुढे आहे. देशादेशांच्या स्पर्धेत जमिनीवर असताना डोक्यावर ठोसा मारणं बंदच करावं. अंगावर मारू द्या, पकडी करू द्या, गळा आवळू द्या. खाली असलेल्याच्या डोक्यावरचा ठोसा तेवढा काढा. एमएमएवाले म्हणतात, मग तो एमएमए उरणार नाही. फ्रान्समध्ये २०२० पर्यंत पिंजऱ्यातल्या लढती चालत नव्हत्या आणि जमिनीवरच्या ठोशांवर बंदी होती, तरी त्या काळात फ्रेंच मुलं हा खेळ शिकतच होती आणि पुढे त्यांच्यातून नावाजलेले व्यावसायिक निघाले. खाली पडल्यावर डोक्यावर मार न खाता मुलगा शिकला म्हणून तो कमी शिकला, असं मला माझ्या मॅटवर कधी दिसलं नाही.

आता ती नोंदीची गोष्ट. ही माझ्या आयुष्यातली आहे, म्हणून ज्यांच्याशी संबंध आला त्यांची नावं घेत नाही.

किनारपट्टीवर एका हॉलात सायंकाळची स्पर्धा होती. लाइट, संगीत, तिकिटं, सगळं व्यवस्थित. माझा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी लढणार होता, मी त्याच्या कॉर्नरला होतो. दुसऱ्या फेरीत त्याला डाव्या कानाच्या वर लाथ बसली. पडला, उठला, आणि मला म्हणाला, "सर, पहिली फेरी कशी गेली?" त्याला वाटत होतं की नुकतीच पहिली फेरी संपली आहे. लढत थांबवायला मी टॉवेल टाकला. डॉक्टर कुठे आहेत विचारलं तर कळलं, ते दुसऱ्या एका कार्यक्रमाला लवकर निघून गेले. रुग्णवाहिका बोलावली होती, ती कमिशनच्या वादावरून परत गेली होती. मी त्याला माझ्याच गाडीत घातलं आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात नेलं. वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता. मागच्या सीटवर त्याचा मित्र त्याला जागं ठेवत होता, आणि दर पाच मिनिटांनी मुलगा तोच प्रश्न विचारत होता, पहिली फेरी कशी गेली.

स्कॅन स्वच्छ निघाला. दोन दिवसांनी घरी आला. खरी गोष्ट पुढची. त्याच्या आईशी बोलताना कळलं की तीन आठवड्यांपूर्वी बेळगावकडच्या एका स्पर्धेत तो असाच पडला होता. मला सांगितलं नव्हतं, कारण मी लढू दिलं नसतं. तिथली नोंद तिथेच राहिली. इथल्या आयोजकाला ती माहीत नव्हती आणि मलाही नव्हती. डोक्याला पहिला मार बसल्यावर मेंदू पूर्ववत व्हायच्या आधी दुसरा बसला, तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी घातक ठरू शकतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण पहिला कधी बसला हे कोणाला माहीत असल्याशिवाय त्या ज्ञानाचा काय उपयोग?

त्या आठवड्यापासून मी वही सुरू केली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. प्रत्येक मुलाला एक पान. तारीख, मार कुठे बसला, सराव होता की लढत, किती वेळ गोंधळला होता, किती दिवस बंद. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, नाकावर ठोसा बसून डोळ्यांत पाणी आलं तर तेही लिहितो. मुलं आधी लाजायची, आता स्वतःहून येऊन सांगतात.

बॉक्सिंगमध्ये हे काम करणारी सोय आधीपासून आहे. हौशी बॉक्सरचं नोंदपुस्तक असतं, ते दाखवल्याशिवाय वजनकाट्यावर उभं करत नाहीत. नॉकआउट झाला की डॉक्टर त्यात सक्तीची विश्रांती लिहितो, निदान तीस दिवस, जास्त वेळ बेशुद्ध असेल तर कित्येक महिने. आपल्याकडच्या एमएमएत असं एक पुस्तक नाही, कारण एक घरच नाही. देशात एकापेक्षा अधिक संघटना स्वतःला राष्ट्रीय म्हणवतात, आणि एकीने थांबवलेला मुलगा दुसरीच्या स्पर्धेत उभा राहू शकतो. आशियाई स्पर्धेत खेळ गेला की सरकार आणि ऑलिम्पिक संघ विचारतात, संघ निवडणार कोण? हा प्रश्न आला की हळूहळू एकच घर मान्य करावं लागतं. भांडणं होतील, कोर्टकज्जे होतील, ते आपण इतर खेळांत पाहिलेच आहेत. पण एक घर झालं की एक पुस्तक होऊ शकतं. मला पदकापेक्षा त्या पुस्तकाची जास्त ओढ आहे.

धोका किती, हे विचारणाऱ्यांसाठी थोडे आकडे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लढतींनंतरच्या तपासण्या एकत्र केल्या: ११८१ एमएमए खेळाडू आणि ५५० बॉक्सर. काही ना काही दुखापत एमएमएत ५९.४ टक्के जणांना झाली, बॉक्सिंगमध्ये ४९.८ टक्के जणांना. म्हणजे एमएमएत रक्त जास्त. पण शुद्ध हरपण्याचं प्रमाण उलट निघालं: बॉक्सिंगमध्ये ७.१ टक्के, एमएमएत ४.२ टक्के. रिंगजवळ बसलेल्याला याचं नवल वाटत नाही. बॉक्सिंगमध्ये जवळपास सगळा मार डोक्यावर आणि धडावर, आणि डळमळलेल्याला आठपर्यंत मोजून पुन्हा लढायला पाठवतात. एमएमएत निम्मा वेळ धरपकडीत जातो, आणि डळमळला की बहुधा तिथेच संपतं. जाड ग्लोव्ह मारणाऱ्याची बोटं वाचवतो, मार खाणाऱ्याचा मेंदू वाचवतो असं समजू नका. हे आकडे तुमच्या मुलाच्या वयाचे नाहीत, त्यामुळे ते जसेच्या तसे घरी लावू नका. पण बॉक्सिंगला आपण सभ्य खेळ म्हणतो आणि एमएमएला रानटी, एवढा फरक त्यांत दिसत नाही.

मोठ्या स्पर्धेची स्वतःची एक अडचण आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. व्यावसायिक लढवय्या वर्षातून दोन-तीनदा लढतो. आशियाई किंवा ऑलिम्पिकच्या तक्त्यात त्याला काही दिवसांत तीन-चार लढती जिंकाव्या लागतात. विकास कृष्ण २०१८ ला जकार्तात उपांत्य फेरीत पोचला आणि डोळ्याच्या जखमेमुळे डॉक्टरांनी त्याला उतरू दिलं नाही, कांस्यावर थांबावं लागलं. सतीश कुमार टोकियोत चेहऱ्यावर तेरा टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जलोलोवसमोर उभा राहिला. त्याच्या हिमतीला आपण सगळ्यांनी सलाम केला, मीही केला. पण रेफ्री म्हणून मला विचाराल तर तेरा टाक्यांचा माणूस रिंगमध्ये यायला नको होता. एमएमएत कातडी फाटण्याचं प्रमाण याहून जास्त. म्हणून दिवसाला एकच लढत, मधे एक दिवस मोकळा, आणि वजनगटात खेळाडू कमी, असा तक्ता हवा. आयोजकांना हॉल जास्त दिवस अडकवावा लागेल. लागू दे.

नियम फार मवाळ केले तर काय होतं याचंही उदाहरण टोकियोतच आहे. कराटेच्या सर्वांत वजनी गटाची अंतिम लढत, ७ ऑगस्ट २०२१. सौदीच्या तारेग हामेदीने इराणच्या सज्जाद गंजझादेला मानेजवळ लाथ मारली, तो बेशुद्ध पडला. कराटेच्या त्या प्रकारात ताबा ठेवूनच मारायचं असतं, म्हणून हामेदी बाद झाला, आणि स्ट्रेचरवरून नेलेला माणूस शुद्धीवर आला तेव्हा तो सुवर्णविजेता होता. नियमाप्रमाणे निर्णय बरोबरच होता. पण ज्या नियमात एवढी जोरदार लाथ बसू शकते आणि ती बसणं अपेक्षितही नाही, त्या नियमासाठी खेळाडूचं शरीर तयार केलेलं नसतं. एमएमएत निदान दोघांनाही माहीत असतं काय येणार आहे. नियम कडक हवेत, पण ते खरं बोलणारे हवेत.

वजनाबद्दल तर मी जीव तोडून सांगतो. २०१५ च्या डिसेंबरात मनिलात यांग जियान बिंग नावाचा चिनी तरुण लढतीआधी वजन उतरवताना गेला. एकवीस वर्षांचा होता. त्याला कोणी ठोसा मारला नव्हता. अंगातलं पाणीच काढलं होतं. त्यानंतर त्या आयोजक संस्थेने शरीरातलं पाणी मोजून मगच वजन घ्यायची पद्धत सुरू केली. पॅरिसमध्ये विनेश फोगटचे शंभर ग्रॅम आपण सगळ्यांनी रडत पाहिले. लोक नियमाला शिव्या देत होते. मला रात्रभर एवढंच वाटत होतं की आदल्या दिवशी तीन लढती जिंकलेल्या मुलीच्या अंगातून रातोरात पाणी काढायची वेळच का यावी. रोज सकाळी वजन घेण्याच्या नियमाचा हेतू चांगला आहे, की कोणी फार खालच्या गटात घुसू नये. त्याला पाणी मोजण्याची जोड हवी. माझ्याकडे अठराखालच्या मुलाने लढतीसाठी दीड किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही. उतरत नसेल तर वरच्या गटात खेळ, हरलास तरी चालेल.

आमच्याकडे या खेळाला 'माणसांचा धिरयो' म्हणणारे आहेत. धिरयो म्हणजे गोव्यातली बैलांची झुंज. तुमच्याही कानावर आलं असेल. धिरयोला उच्च न्यायालयाने १९९६ साली बंदी घातली, आणि ती योग्यच होती असं मी मानतो. धिरयोतला बैलही पाठ फिरवून पळू शकतो, हे खरं. पण त्याला त्या शेतात आणणारा कोणी दुसरा असतो, पैज लावणारा तिसरा असतो, आणि शिंग लागून आतडी बाहेर आली तर जबाबदार कोणीच नसतो. माझ्याकडच्या मुलाने टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली, की जगातला कोणीही त्याला पुढे ढकलू शकत नाही. तरीही तुलना करणाऱ्यांना काय खुपतं ते मला कळतं. त्यांना गर्दी खुपते, पैज खुपते. मलाही खुपते. किनाऱ्यावरच्या त्या हॉलात लोकांच्या हातात नोटा मी पाहिल्या आहेत. खेळ देशाच्या जर्सीत, दिवसाढवळ्या, डोपिंगच्या तपासणीसकट झाला तर त्या नोटांचं राज्य कमी होतं.

प्राचीन ग्रीसमधल्या पँक्रेशनचा दाखला बरेच जण देतात. इ. स. पूर्व ६४८ मध्ये तो ऑलिम्पियात आला, चावणं आणि डोळे काढणं सोडून जवळपास सगळं चालत असे, आणि फिगालियाचा अरिखियन गळा आवळलेल्या अवस्थेत मेला तरी विजयी ठरला. हा दाखला आपल्या बाजूचा आहे असं मला वाटत नाही. मेलेल्याला विजयी ठरवणाऱ्या नियमांपासून आपण जेवढे दूर आलो तेवढं बरं.

मग ऑलिम्पिकमध्ये आज का नको? कारण घर अजून पक्कं नाही. इमाफ २०१२ मध्ये निघाली, २०१८ मध्ये तिच्यासारखीच दुसरी जागतिक संघटना तिच्यात येऊ लागली, आणि ऑलिम्पिक चळवळीची मान्यता मिळवायची धडपड कित्येक वर्षं चालू आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत एमएमए नाही. बॉक्सिंगसारख्या जुन्या खेळाचं काय झालं ते पाहा. निकालांतला घोळ आणि कारभारातले प्रश्न इतके साचले की जून २०२३ मध्ये त्यांच्या जागतिक संघटनेची मान्यताच काढून घेतली गेली. नवी संघटना उभी राहिल्यावर, मार्च २०२५ मध्ये कुठे बॉक्सिंगचं लॉस एंजेलिसमधलं स्थान नक्की झालं. मधली दोन वर्षं आमच्या बॉक्सर मुलांना मी उत्तर देऊ शकत नव्हतो. एमएमएतही गुण पंचांच्या नजरेवर असतात, फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ. पंच कोण, त्यांना पैसे कोण देतं, व्यावसायिक कंपन्यांशी त्यांचा संबंध काय, याची उत्तरं लख्ख मिळेपर्यंत थांबावं. आशियाई स्पर्धा ही त्यासाठी चांगली परीक्षा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये बहरिनच्या आशियाई युवा स्पर्धेत एमएमए झालंच. आता आयची-नागोयात मोठ्यांचं होईल.

मुलींचा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो मला आपणहून मांडायचा आहे. ज्यूदोत मुलींना १९९२ मध्ये आणि बॉक्सिंगमध्ये २०१२ मध्ये ऑलिम्पिकचं दार उघडलं. इतकी वर्षं बाहेर ठेवलं ते त्यांच्या काळजीच्या नावाखाली. एमएमएत त्या पहिल्यापासून आत असाव्यात. भरत खंडारे २०१७ मध्ये यूएफसीत गेला तेव्हा आपल्याकडे कौतुक झालं. पूजा तोमरने जून २०२४ मध्ये तिथे लढत जिंकली, ती यूएफसीत जिंकलेली पहिली भारतीय मुलगी. माझ्या सकाळच्या वर्गात आज अकरा मुली आहेत, आणि वहीत त्यांची पानं मुलांपेक्षा स्वच्छ आहेत, कारण त्या मार लपवत नाहीत.

मोठी स्पर्धा आली की गावात काय बदलतं, हे गोव्याने दोनदा पाहिलं आहे. २०१४ ला लुसोफोनिया स्पर्धा झाली, त्यात ज्यूदो, तायक्वांदो आणि वुशू होतं. तोपर्यंत माझी मुलं काथ्याच्या गाद्यांवर पडायला शिकत. खरी तातामी, म्हणजे ज्यूदोची गादी, मी त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या राज्यात अंथरलेली पाहिली, आणि वाकून हात लावून पाहिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धा आल्या. फातोर्ड्याला उद्घाटन झालं, गोव्याने २७ सुवर्णांसह ९२ पदकं मिळवली, नवव्या क्रमांकावर आलो. त्यांतली काही पदकं अशा खेळांतली होती ज्यांचं नाव दोन वर्षांपूर्वी आमच्या पालकांना उच्चारता येत नव्हतं. पेंचाक सिलाट आणि स्क्वे करणारी मुलं तोपर्यंत कोणाच्या खिजगणतीत नव्हती. यादीत नाव आल्यावर प्रशिक्षक मिळाले, शिबिरं झाली, फिजिओ आला. त्यातलं किती टिकलं यावर मी वेगळं भांडू शकतो. पण मुलं एकदा नोंदीत आली ती आली.

आता तुमचा मुलगा. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, म्हणून घाईघाईने खेळ बदलणारी मुलं मी पाहतो. तसं असेल तर ज्यूदोतच राहू द्या. त्याला खरोखर हा खेळ हवा असेल तर अडवू नका, पण ज्यूदो सोडू देऊ नका. पडायची सवय आणि टॅप करायची सवय ही ज्यूदोची देणगी आहे, ती या खेळात त्याला वाचवेल. हणजूण, शिवोली, आसगावच्या पट्ट्यात आज बऱ्याच जिम आहेत, काही उत्तम आहेत. तिथे गेलात की भिंतीवरची चषकं पाहू नका. आठवड्यातून किती दिवस डोक्यावर स्पारिंग होतं ते विचारा. एकापेक्षा जास्त सांगितलं तर परत या. कोणाला भोवळ आली तर किती दिवस घरी पाठवता आणि ते कोण ठरवतं, हेही विचारा. "मुलगा स्वतः सांगतो" असं उत्तर मिळालं तर चप्पल घाला आणि निघा. अठरा पूर्ण होईपर्यंत डोक्यावर मार असलेली लढत नको, हे माझं मत. नागोया त्याच्यासाठी नाही. पुढची स्पर्धा चार वर्षांनी आहे, तेव्हा तो वीस वर्षांचा असेल, तेच वय बरोबर.

२०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे. पाच दिवसांचे गणपती पोचवून आपण घरी येऊ, आणि दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, नागोयात उद्घाटन आहे. एमएमएच्या लढती असतील त्या दिवशी मी म्हापशाच्या हॉलात मोठा टीव्ही लावणार आहे. मुलाला घेऊन या. लढत चालू असताना मी मुलांना आवाज बंद करून रेफ्रीकडे पाहायला लावतो: तो कुठे उभा आहे, कधी वाकला, किती सेकंदांत हात मधे घातला. तुम्हीही आमच्याबरोबर मोजा.

येताना एक करा. सहा वर्षांच्या ज्यूदोत त्याच्या डोक्याला कधी मार बसला, कधी उलटी झाली, कधी दोन दिवस डोकं दुखलं, ते त्याच्या आईला विचारून तारखांसह एका कागदावर लिहून आणा. आयांना तारखा लक्षात असतात. त्याचं पान मी तिथून सुरू करतो.